मींड झेपेल अशी स्ट्रॅट

फेंडर कंपनीच्या अमेरिकेत घडलेल्या स्ट्रॅटोकास्टर, थोडक्यात स्ट्रॅट, या इलेक्ट्रिक गिटारचे तीन प्रकार २०१९ च्या उन्हाळ्यात माझ्या आवाक्याच्या आसपास होते. जुन्या बाजारात मिळणारी अमेरिकन स्पेशल, तिथेच मिळणारी पण जरा महाग अमेरिकन स्टँडर्ड आणि दुकानात नवी कोरी अमेरिकन परफॉर्मर. तिन्ही कॅलिफोर्नियातल्या करोना शहरातल्या एकाच कारखान्यातून निघालेल्या. तिन्हींची स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी साडेपंचवीस इंच, फ्रेट म्हणजे धातूचे पडदे बावीस, ते बसवलेल्या पट्टीची म्हणजे फिंगरबोर्डची गोलाई साडेनऊ इंचांची, नेकची म्हणजे गिटारच्या मानेची रुंदी वरच्या टोकाला जेमतेम ४३ मिलिमीटर. डोळे मिटून हातात घेतल्या तर नेकच्या आकारावरून कुठली कोणती हे सांगणं कठीण. तरीही किमतीत तीनशे-चारशे डॉलरांचा फरक. हा फरक नक्की कशाचा आणि तो माझ्या वाजवण्यात कुठे उतरतो, हे शोधण्यात मी बरेच शनिवार घालवले. माझ्याकडे होते हजार डॉलर, आणि त्यातच कर, गिटारची पेटी म्हणजे केस, सेटअप म्हणजे कारागिराकडची जुळणी, सगळं बसवायचं होतं.

मी मूळची सांगलीची. शेजारी मिरज, म्हणजे सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांचं गाव, त्यामुळे लहानपणी काही वर्षं सतार शिकले. गिटार कॉलेजात हातात आली आणि तीच राहिली. आता आम्ही ऑरेंज काउंटीत असतो. इथल्या महाराष्ट्र मंडळात तबला वाजवणारे एक काका आहेत, तीसेक वर्षं या देशात काढलेले, कानाने अतिशय पक्के. त्यांच्या साथीने मी इलेक्ट्रिक गिटारवर राग वाजवते. भीमपलास, दरबारी, कधी एखादं नाट्यपद. हे वाजवताना सगळा भार मींडेवर असतो. सतारीवर तार पडद्यावर आडवी ओढून मींड घेतात, गिटारवरही बोटांची हालचाल तीच. तार फ्रेटवर दाबून बाजूला ढकलायची आणि सूर चढवत न्यायचा. रॉक वाजवणारे यालाच बेंड म्हणतात. फरक एवढाच, की माझ्या वाजवण्यात खाली एक तार सतत षड्ज धरून वाजत असते. हा षड्ज पुढे सगळ्या निवडीच्या मुळाशी आला.

मग स्ट्रॅटच का, हा प्रश्न काकांनीच आधी विचारला. गिब्सन कंपनीच्या एसजी गिटारला किंवा फेंडरच्याच टेलिकास्टरला ब्रिज, म्हणजे तारा टेकतात तो भाग, पक्का बसवलेला असतो. एसजीची स्केलही आखूड, पावणेपंचवीस इंच, त्यामुळे तारा सैल आणि मींड सोपी. दोन्ही वाजवून पाहिल्या, दोन्ही उत्तम. पण दरबारीतला कोमल गंधार मला आंदोलित हवा असतो. तो स्वतःच्या जागेच्या किंचित खाली झुलला पाहिजे, आणि तार ढकलून सूर फक्त वर जातो. सतारीवर आधीच ओढून धरलेली तार सैल करत खाली येता येतं, गिटारवरही ते जमतं, पण आंदोलनाचा संथपणा टिकवणं फार अवघड. स्ट्रॅटच्या ब्रिजला एक दांडा असतो, तो हळूच दाबला की सूर खाली जातो आणि सोडला की परत येतो. गिटारवादक जेफ बेक उजव्या हाताच्या बोटांनी तारा छेडत तोच दांडा हातात धरून ठेवायचा आणि गिटार गळ्यासारखी बोलायची. ते ऐकल्यापासून मला दांड्याचीच गिटार हवी होती.

आणि अमेरिकनच का? मेक्सिकोतल्या एन्सेनाडाच्या कारखान्यात फेंडर १९८७ पासून गिटार बनवते. करोनाहून गाडीने निघालं तर सीमेपलीकडे काही तासांवर आहे ते. तिथल्या २०१८ साली आलेल्या प्लेअर मालिकेची स्ट्रॅट सातशे डॉलरांच्या आत नवी मिळत होती आणि चांगली वाजत होती. कुणी नव्याने शिकत असेल तर मी तेव्हा तीच घ्यायला सांगायचे. माझी गरज पुढच्या पंधरा-वीस वर्षांसाठी एकाच गिटारची होती. जुन्या बाजारात अमेरिकन गिटारची किंमत बऱ्यापैकी टिकून राहते, म्हणजे उद्या हाताला नाहीच मानवली तर बहुतेक पैसे परत हातात. हा हिशेब मला पटला होता.

नावांचा गुंता आधी सोडवावा लागला. स्ट्रॅटोकास्टर १९५४ सालची. संस्थापक लिओ फेंडरने १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली, वीस वर्षांनी १९८५ मध्ये कंपनीतल्याच लोकांनी बिल शुल्ट्झ यांच्या पुढाकाराने ती परत विकत घेतली. फुलरटनचा जुना कारखाना त्या व्यवहारात आला नाही, म्हणून करोनात नवा उभा राहिला. तिथून ज्या गिटारने कंपनीचं नाव पुन्हा वर आलं ती अमेरिकन स्टँडर्ड. मधली काही वर्षं तिचं नाव बदललं होतं, २००८ मध्ये ती त्याच नावाने परत आली, २०१२ मध्ये तिच्यात नवे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारी चुंबकं, आले आणि २०१७ च्या सुरुवातीला तिची जागा अमेरिकन प्रोफेशनलने घेतली. प्रोफेशनल माझ्या पैशांत बसत नव्हती, तो विषय तिथेच संपला. स्पेशल आली २०१० मध्ये, अमेरिकन मालिकेतली सगळ्यात स्वस्त म्हणून, आणि २०१८ च्या अखेरीस परफॉर्मर आली तेव्हा ती बंद झाली. थोडक्यात, परफॉर्मर ही स्पेशलची वारस. दोघींचं हेडस्टॉक, म्हणजे नेकचं खुंट्या असलेलं टोक, सत्तरच्या दशकातल्यासारखं मोठं, दोघींचे फ्रेट जंबो, दोघींचा ब्रिज जुन्या पद्धतीचा, सहा स्क्रूंवर टेकलेला. दोघींमध्ये ग्रीसबकेट नावाचं टोनचं सर्किट. टोनचं बटण खाली केलं की आवाज बोजड होतो अशी स्ट्रॅटबद्दल नेहमीची तक्रार, हे सर्किट तीक्ष्णपणा कमी करतं आणि गढूळपणा येऊ देत नाही. मला ते मनापासून आवडलं.

स्टँडर्ड या दोघींहून वेगळी. हेडस्टॉक छोटं, फ्रेट एक माप लहान म्हणजे मीडियम जंबो, ब्रिज दोन खांबांवर तोललेला. फिंगरबोर्डच्या कडा हाताने घासून गोल केलेल्या, त्यामुळे नव्या गिटारचा कोरेपणा हाताला टोचत नाही. सोबत टणक केस. स्पेशलबरोबर मऊ पिशवी यायची.

पिकअपमध्येही फरक. २०१२ नंतरच्या स्टँडर्डमध्ये फॅट फिफ्टीज, स्पेशलमध्ये टेक्सस स्पेशल. टेक्सस स्पेशल हे १९९२ मध्ये ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनच्या नावाच्या गिटारमधून आलेले पिकअप, मधल्या सप्तकाला जोर देणारे, थोडे आक्रमक. परफॉर्मरमध्ये योसेमिटी नावाचे नवे पिकअप. कागदावर हे सगळं वाचून मला वाटलं होतं, की निर्णय पिकअपवरून होईल. प्रत्यक्षात पिकअप ही शेवटून दुसरी गोष्ट ठरली.

आता पैसे. नवी परफॉर्मर तेव्हा अकराशे डॉलर. आमच्या गावचा विक्रीकर पावणेआठ टक्के, म्हणजे अकराशे पंच्याऐंशी. दुकानात वापरलेली एक स्पेशल होती, २०१४ ची, सातशेला. त्यावर कर चोपन्न, टणक केस एकशेवीस, सेटअप ऐंशी, एकूण नऊशे चोपन्न. स्टँडर्ड एका गृहस्थांकडे होती, २०१३ ची, नऊशेला. खासगी व्यवहारात कर नाही, केस सोबतच, फक्त सेटअपचे ऐंशी, म्हणजे नऊशे ऐंशी. लेबलवर दोनशे डॉलरांचं दिसणारं अंतर प्रत्यक्षात सव्वीस डॉलरांचं निघालं. हा हिशेब कागदावर मांडल्यावर माझं डोकं एकदम स्वच्छ झालं. स्वस्त म्हणून स्पेशल घ्यायची नव्हती आणि महाग म्हणून स्टँडर्ड सोडायची नव्हती. गिटार पाहून गिटार निवडायला मी मोकळी झाले.

दुकानात जाताना बरोबर काय न्यायचं ते ठरलेलं होतं. एक, सूर मोजणारा छोटा ट्यूनर. दुसरं, विमानाचं सामान तोलायचा हातात धरायचा काटा, जो भारतात जाणाऱ्या प्रत्येक घरात असतो. पट्ट्याच्या खुंटीला दोरी अडकवून काट्याला लावली की गिटारचं वजन कळतं. दुकानदाराला आधी विचारावं, बहुतेक जण हसत हो म्हणतात. एकाच मालिकेतल्या दोन गिटारींच्या वजनात अर्धा किलोचा फरक मला सापडला, कारण बॉडी ऑल्डरच्या लाकडाची आणि लाकूड काही साच्यातून निघत नाही. तासभर उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला अर्धा किलो कळतो. ती स्पेशल ३.४ किलोची भरली, परफॉर्मर ३.७, स्टँडर्ड ३.६.

तिसरं म्हणजे काका. शनिवारी सकाळी दुकान उघडता उघडता आम्ही जायचो, कारण दुपारनंतर तिथे चारी बाजूंनी अॅम्प्लिफायर सुरू होतात आणि काहीच ऐकू येत नाही. मी गिटार आधी अॅम्पला न जोडताच वाजवायची. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, कुठे खुळखुळते का, कुठे सूर मरतो का. फ्रेटच्या टोकांवरून बोट खालवर फिरवायचं. आमच्याकडे शरद ऋतूत वाळवंटाकडून सांता अॅना वारे येतात, हवा कोरडी ठणठणीत होते, फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची धातूची टोकं करवतीसारखी बाहेर येतात. दुकानात वर्षभर टांगलेल्या गिटारवर हे हमखास दिसतं. मग नेक एका डोळ्याने पाहायचा, हेडस्टॉककडून बॉडीकडे, वाक किती आहे. वापरलेली असेल तर अनुक्रमांक तपासायचा. २०१० पासून अमेरिकन गिटारच्या हेडस्टॉकमागे 'यूएस' आणि पुढे सालाचे दोन आकडे असतात, स्पेशलवर यूएस १४ होतं. त्याआधीच्या दशकातल्या गिटारींवर 'झेड' अक्षर येतं. विकणारा सांगतो ते साल आणि हा आकडा जुळला पाहिजे. त्याच सुमारास आणखी एक स्टँडर्ड मी पाहायला गेले होते, तिच्यावर हा आकडा घासून पुसट केलेला होता. मी आभार मानून निघाले, किंमत विचारलीही नाही.

मग भीमपलास. ए म्हणजे सा. पाचवी तार मोकळी सोडून अंगठ्याने षड्ज छेडायचा, तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर कोमल गंधार धरायचा आणि तिथून मध्यमापर्यंत सावकाश मींड. पूर्ण एक स्वर. मध्यमावर थांबायचं, मग तितक्याच सावकाश परत.

परफॉर्मरवर मी हे वाजवलं तेव्हा काका डोळे मिटून शेजारच्या स्टुलावर बसले होते. मध्यमावर पोचले तोच त्यांनी हात वर केला.

"अगं, तुझा सा उतरतोय."

"तार सुटली असेल काका, थांबा, लावते."

"तार नाही सुटली. तू ग वर परत येतेस तेव्हा सा आपोआप जागेवर येतो. मींड घेतेस तेवढ्यापुरताच उतरतो."

ट्यूनर लावून पाहिलं, ते शब्दशः खरं होतं. मींडेच्या टोकाला पाचवी तार स्पष्ट खाली जात होती. कारण समजायला सोपं आहे. स्ट्रॅटचा ब्रिज तरंगता असतो, पुढून सहा तारा त्याला ओढतात, मागून बॉडीच्या पोकळीतल्या स्प्रिंगा ओढतात आणि दोन्हींच्या तोलावर तो उभा राहतो. एक तार ताणली की पुढची ओढ वाढते, ब्रिज जरासा पुढे कलतो आणि उरलेल्या पाचही तारा सैल पडतात. एकट्या सुरावर सोलो वाजवणाऱ्याला हे कधी जाणवणार नाही. खाली षड्ज धरून वाजवणाऱ्याच्या कानात मात्र ते खुपतं. मध्यमाचं आणि षड्जाचं नातंच बिघडतं.

त्याच दुकानातल्या वापरलेल्या स्पेशलवर तीच मींड घेतली तर सा हलला नाही. काकांनी दोनदा वाजवायला लावलं, मग मान डोलावली. दुकानातल्या मुलाचं म्हणणं, जुन्या पद्धतीचा सहा स्क्रूंचा ब्रिज जास्त स्थिर असतो. पण परफॉर्मरचा ब्रिजही सहा स्क्रूंचाच होता, मग तिथे सा का उतरला? मी त्याला विचारून स्पेशलच्या मागचं प्लास्टिकचं झाकण काढलं. आत तीनऐवजी चार स्प्रिंगा होत्या आणि स्प्रिंगा अडकवलेली पट्टी घट्ट आवळलेली होती. आधीच्या मालकाने ब्रिज बॉडीवर सपाट टेकवून ठेवला होता. तो पुढे कलायला आता बराच जास्त जोर लागतो, एका तारेच्या मींडेने तो हलत नाही. दांडा खाली दाबला तर काम करतो, वर मात्र ओढता येत नाही. मला वर ओढायचं नव्हतंच. आंदोलन खालीच हवं होतं.

म्हणजे ज्याला मी गिटारीच्या प्रकाराचा गुण समजू पाहत होते तो सेटअपचा होता, आणि चार डॉलरांच्या स्प्रिंगेने कुठल्याही स्ट्रॅटवर आणता येत होता. हे कळल्यावर परफॉर्मर यादीतून गळली. गिटार छानच होती, तारा लावायच्या खुंट्या स्पेशलपेक्षा मऊ फिरत होत्या, योसेमिटी पिकअप अधिक मोकळे वाटले. पण दोनशेहून जास्त डॉलर वर टाकून जे मिळत होतं त्यातलं माझ्या मींडेला काही लागत नव्हतं.

स्टँडर्डचे गृहस्थ प्लासेंशियाला राहायचे. निवृत्त, ब्लूज वाजवणारे, स्वयंपाकघरात गिटार ठेवणारे. त्यांना मी भीमपलासचं सांगितलं आणि तार ताणली की दुसरी उतरते हे दाखवलं. त्यांनी शांतपणे स्क्रूड्रायव्हर आणला, मागची पट्टी आवळली, पुन्हा सूर लावला. दहा मिनिटांचं काम. दोन खांबांवरचा ब्रिजही बॉडीवर टेकला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात सा जागच्या जागी उभा राहिला. मींडेच्या कसोटीला दोन्ही गिटारी उतरल्या.

आणि त्या स्टँडर्डवर माझा जीव जडला, कारण तिचा फिंगरबोर्ड शिसवी होता. स्पेशलचा मेपलचा, फिकट, वार्निश चढवलेला. फेंडर आणि गिब्सन ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात तो आपला शिसव, दक्षिण भारतातून येतो. सांगलीच्या घरातलं आजीचं कपाट त्याच लाकडाचं आहे. या लाकडावरून गिटारवाल्यांच्या जगात काय काय झालं! २०११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याच्या माणसांनी नॅशव्हिल आणि मेम्फिसमधल्या गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले ते भारतातून आलेल्या शिसवाच्या आणि एबनीच्या फिंगरबोर्डच्या पट्ट्यांवरून. त्याच्या दोन वर्षं आधी मादागास्करच्या एबनीवरून छापा पडला होता. २०१२ मध्ये तडजोड झाली, गिब्सनने तीन लाख डॉलर दंड भरला. त्या काळातल्या काही गिब्सनवर म्हणूनच भाजून काळ्या केलेल्या मेपलचे फिंगरबोर्ड सापडतात. पुढे जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस या संकटात असलेल्या प्राणी-वनस्पतींबद्दलच्या कराराची बंधनं आली आणि मेक्सिकोतल्या बहुतेक फेंडरवर शिसवाच्या जागी दक्षिण अमेरिकेतलं पाउ फेरो लाकूड बसू लागलं. तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरात सूट मिळाली. स्वतःचं वाद्य बरोबर नेणाऱ्याला त्रास नव्हता, पण परदेशातून शिसवी फिंगरबोर्डची जुनी गिटार विकत मागवायची तर मधली जवळजवळ तीन वर्षं कागदपत्रं लागत. अमेरिकेतल्या अमेरिकेत जुनी गिटार पाहण्याचं हेही एक कारण होतं.

तर शिसवावर हात फिरवताना मला ती गिटार घरचीच वाटली. कडा गोल, नेक वापरून गुळगुळीत. फॅट फिफ्टीज पिकअपचा आवाज टेक्सस स्पेशलपेक्षा मृदू, नेकच्या पिकअपवर तर सतारीच्या खर्जाची आठवण व्हावी असा. पैसे काढून द्यायच्या आधी मी पुन्हा फ्रेटकडे वळले. फोनचा दिवा तिरपा धरला की झीज दिसते. पहिल्या पाच फ्रेटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेखाली खाचा पडल्या होत्या, आणि पाचव्यापासून नवव्यापर्यंत फ्रेटचे माथे सपाट झाले होते. ब्लूजवाल्याने इतकी वर्षं तिथेच तारा ओढल्या होत्या. मलाही तिथेच ओढायच्या होत्या. सपाट झालेल्या फ्रेटवर तार ताणताना नखाखाली किरकिर जाणवते, आणि उंची कमी झाल्यामुळे बोटाचं टोक लाकडाला घासतं, तारेखाली शिरत नाही. मींड घेताना तारेच्या पोटाला बोटाचा आधार लागतो, तो उंच फ्रेटवरच मिळतो. सतारीचे पडदे उंच आणि कमानदार असतात ते याचसाठी.

नुसते फ्रेट सपाट घासून पुन्हा गोल करायला कारागिराने दीडशे सांगितले, पण त्याने उंची आणखी कमी होणार. नवे घालायचे तर तीनशेच्या वर. स्पेशलचे फ्रेट मुळात जंबो, आणि आधीच्या मालकाने ती फारशी वाजवलेलीच नव्हती, माथे अजून गोल होते. मी प्लासेंशियाच्या गृहस्थांना खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे तुझं, ते फ्रेट मीच खाल्लेत. पंचवीस डॉलर कमी करायलाही ते तयार होते. माझ्या हिशेबात ते पुरे पडत नव्हते.

स्पेशल घेतली. दोन रंगांची सनबर्स्ट, मेपल फिंगरबोर्ड. शिसव राहून गेल्याची हुरहुर काही आठवडे होती, ती खोटी नव्हती.

सेटअपला मात्र मी ऐंशीतले सगळेच्या सगळे डॉलर आनंदाने दिले, आणि पूर्ण वेळ कारागिराच्या शेजारी उभी राहिले. मिरजेत सतारीची जवारी काढताना कारागीर ब्रिजवर कानस एकदाच हलकी फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. हा माणूस नटाच्या खाचा तशाच घासत होता. नट म्हणजे तारा जिथून हेडस्टॉककडे जातात ती पट्टी. खाच अरुंद असेल तर मींड घेऊन परत आल्यावर तार तिथे अडकते आणि सूर थोडा चढा किंवा उतरा राहतो. मी कारखान्यातल्या ९ नंबरच्या तारा काढून १० नंबरच्या लावायला सांगितल्या, कारण जाड तारेचा षड्ज जास्त वेळ टिकतो. म्हणून खाचाही त्या मापाने रुंद झाल्या. तारा जाड झाल्या तशी पुढची ओढ वाढली, ब्रिज पुन्हा उचलला जाऊ लागला, मग मागची पट्टी आणखी दोन-अडीच फेरे आवळली. पूर्ण स्वराची मींड घेताना ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकू नये, ही त्याची कसोटी. मी ती अजूनही तारा बदलल्यावर करते.

एक गोष्ट घरी आल्यावर काकांच्या कानाने पकडली. बाराव्या फ्रेटच्या वर, जाड तारांवर, सुरात एक विचित्र थरथर येत होती, जणू दोन सूर एकमेकांवर घासताहेत. टेक्सस स्पेशलची चुंबकं जोरदार, आणि पिकअप तारांच्या फार जवळ होते. चुंबकाने तार स्वतःकडे ओढली की तिचं कंपन बिघडतं. रॉकच्या गोंगाटात हे झाकून जातं, तंबोऱ्याच्या बाजूला बसून वाजवलं तर श्रुतीच हरवते. नेककडचा पिकअप मी स्क्रूने सावकाश खाली नेला, दर वेळी अर्धा फेरा आणि पुन्हा ऐकायचं, थरथर जाईपर्यंत. आवाज थोडा कमी झाला, तो अॅम्पवर वाढवता येतो. आणि गंमत अशी, की पिकअप खाली गेल्यावर टेक्सस स्पेशलचा आक्रमकपणा बराच उतरला आणि मला फॅट फिफ्टीजमध्ये आवडलेला मृदूपणा इथेही बऱ्यापैकी आला. नेक आणि मधला असे दोन पिकअप एकत्र चालू ठेवले की अशा एकेरी गुंडाळीच्या म्हणजे सिंगल कॉइल पिकअपची घूंऽऽ कुरकुरही नाहीशी होते, कारण मधल्या पिकअपची तार उलटी गुंडाळलेली असते. दरबारी मी त्याच जागेवर वाजवते. ग्रीसबकेटचं टोन सहावर.

सांगलीला ती मी एकदा जुलैत घेऊन गेले. विमानात पिशवीतून वरच्या कप्प्यात, टणक केस घरी ठेवून. पावसाळी हवेत आठवड्याभरात तारा फिंगरबोर्डपासून उंच वाटू लागल्या, नेकने ओलावा घेऊन थोडा वाक घेतला होता. हेडस्टॉकच्या भोकातून अॅलन की घालून ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक आवरणारी आतली सळई, पाव फेरा आवळला, रात्रभर ठेवला, सकाळी पुन्हा पाहिलं, उंची जागेवर. कॅलिफोर्नियात परत आल्यावर तेवढाच सैल केला. ब्रिज त्या सगळ्यात हलला नाही, आणि सा पण नाही.